पैलवानी पोटऱ्या

बोरखिंडीत मुनीराला तोंडावर सगळे नर्सबाई म्हणत आणि तिची पाठ फिरली की टाकेवाली. हे दुसरं नाव गावानं उगाच ठेवलं नव्हतं, तिनं ते आपल्या जिभेनं कमावलं होतं. पण ते पुढं.

उरवडे मागं टाकून ओढा ओलांडला आणि चढण लागली की बोरखिंड. वर डोंगराचा काळा कातळ, खाली भाताची खाचरं आणि गावाच्या तोंडाशीच तालीम. परका माणूस आला तर त्याला देवळाच्या आधी तालीम दिसायची, आणि गावालाही तेच बरं वाटायचं. मुनीरा मात्र पौडची. तिथल्या बाजारपेठेत चाँदभाई तांबोळ्याचं पानतंबाखूचं दुकान होतं, त्याची ही थोरली. लग्न करून दिलं होतं, पण नवरा इलाही भिवंडीला मागावर गेला तो तिकडचाच झाला. दुसरा घरोबा केला असं कानावर आलं. शेजारणी गळा काढायला जमल्या तेव्हा चाँदभाई सुपारी कातरता कातरता म्हणाला, "नवरा गेला. पोरीचं हात तर न्हाई गेलं?" आणि त्यानं तिला पुण्याला नर्सबाईच्या कोर्सला घातलं.

अडुसष्ट साली ती बोरखिंडीच्या उपकेंद्रात आली. गावानं तिला वाईट वागवलं नाही. अडल्यानडल्याला बोलावणं यायचं, काम झालं की चहा मिळायचा. फक्त तो चहा वळचणीला उपड्या घातलेल्या वेगळ्या कपातून यायचा. मुनीराला त्याचं नवल नव्हतं. चहा प्यायची, कप विसळायची आणि आपल्या हातानं पुन्हा वळचणीला ठेवायची.

कुशाबाच्या घरात तसं झालं नाही. कुशाबा पंचक्रोशीतला जुना पैलवान. कान चुरगळलेले, मान दुसऱ्याच्या मांडीएवढी. त्याचा लेक हैबतराव तालमीचा वस्ताद. हैबतरावाची बायको साळूबाई पहिल्या खेपेला अडली, पोर पायाळू. मुनीरानं रात्रभर झटून पोर मोकळं केलं, पोरही वाचलं आणि आईही. सकाळी कुणीतरी वळचणीचा कप काढायला गेलं तर साळू बाजेवरूनच करवादली, "घरातल्या पितळीत द्या चहा बाईला! तिचा हात माज्या पोटात जाऊन आला, आन् तुमी कप कसला राखताय?"

त्या पोराचं नाव भैरू.

भैरू उशिरा चालला. पण चालायला लागल्यावर त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. अंगानं पोर बेताचं, पोटऱ्या मात्र आखाड्यातल्या गड्यासारख्या टणक. कुशाबा त्याला पारावर घेऊन जायचा आणि आल्यागेल्याला म्हणायचा, "हात लावून बघा. पाच वर्साच्या पोराच्या हायेत का कुनाच्या अशा? पैलवानाचं बी हाय ह्ये."

आणखी एक गंमत होती. खाली बसलेलं पोर सरळ उठत नसे. आधी रांगल्यासारखं हातापायांवर यायचं, मग ढुंगण वर, मग एक पंजा गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असं स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत चढत ते उभं राहायचं. शेवटी दोन्ही पंजे मांड्यांवर थाप देऊन सुटायचे. आखाड्यात उतरलेला गडी मांडी थोपटून समोरच्याला ललकारतो, थेट तसं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहायचं. "शड्डू ठोकतंय! कुनी शिकिवलं न्हाई, सवरलं न्हाई. आईच्या पोटातनं शिकून आलंय!"

एकदा मुनीरा लस टोचायला आली होती, तेव्हा ओसरीवर हाच खेळ चाललेला. ती बघत राहिली. पोराला पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं.

"आबा, शड्डू न्हाई ह्यो," ती म्हणाली. "पोराला उठवत न्हाई, म्हणून त्यो हाताचा आधार घेतोय."

"बाई, तुमी बाळंतपनं करा. कुस्तीतलं काय कळतंय तुमाला?"

"टाचा बघा त्येच्या. टेकत न्हाईत. चवड्यावर चालतोय. पुण्याला दावा एकदा."

"चवड्यावर नाचतो त्योच पैलवान! टाचा टेकून हुबा ऱ्हायला की आलाच खाली पाठीवर."

ओसरी हसली. दारात उभी असलेली साळू हसली नाही. ती पोराच्या टाचांकडे बघत होती.

सहावं सरलं तसं हैबतरावानं भैरूला तालमीत नेलं. दूध, बदाम, तूप, जे जे पैलवानाला लागतं ते सगळं घरात आलं. भल्या पहाटे पोराला उठवायचं, लाल मातीत उभं करायचं आणि बैठका मारायला लावायच्या. चार बैठकांत पोराचे पाय लटपटायचे. हैबतराव मारकुटा बाप नव्हता, पण वस्ताद होता, आणि वस्तादाला एकच रोग ठाऊक असतो, आळस. वेताची छडी पोटरीवर बसायची. फुगलेली पोटरी, वळ छान उठायचा.

त्याच सुमाराला वरनं हुकूम सुटले. पोरं बंद करायच्या ऑपरेशनच्या केसेस आणा. ज्या नर्सबाईच्या केसेस कमी पडतील तिची बदली पार कोकणकड्याच्या तोंडाशी. चाँदभाई तेव्हा अर्धांगानं खाटेवर होता. आठवड्याला पौडला जाऊन त्याला न्हाऊमाखू घालणारं दुसरं कुणी नव्हतं. मुनीरानं दारोदार पदर पसरला. जे तयार होते ते संपले आणि राहिले ते नको म्हणणारे.

रत्नाबाई त्यांतली एक. एक पोरगी, एक पोरगा. ती म्हणाली, "बाई, एकाच डोळ्याचा काय भरवसा? उद्या वाटलं तर?"

"टाकेच असत्यात ते," मुनीरा म्हणाली. "वाटलं तर उसवता येत्यात."

येत नव्हते. तिला ते माहीत होतं. पाणी उकळून प्या हे ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात तिनं हे सांगितलं, आणि रत्नाबाई शिबिराच्या गाडीत चढली.

थंडीत भैरू तालमीच्या मातीच्या हौदात पडला तो उठेचना. घोटा सुजला होता. घोट्याचा फोटो काढायचं निमित्त करून मुनीरानं साळूला आणि पोराला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. फोटोत काही नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरानं पोराला जमिनीवर बसवलं, उठायला लावलं, आणि त्याचा चेहरा बदलला. रक्त घेतलं, मांडीतला मांसाचा बारीक तुकडा घेतला, पुन्हा बोलावलं.

दुसऱ्या खेपेला डॉक्टर जे बोलला ते मुनीराकडे बघून बोलला. साळू बाजूच्या बाकड्यावर पोराला धरून बसलेली, तिच्याकडे त्यानं मानसुद्धा वळवली नाही. पोराचे स्नायू नासत चाललेत. नासलेल्या जागी चरबी भरते, म्हणून पोटऱ्या फुगतात. त्यात बळ नाही. दहाबारा वर्षांचा होईतो चालणं जाईल, पुढं हात जातील, मग दम. विशीचा भरवसा धरू नका. औषध नाही. व्यायामाचा जोर अजिबात नको, त्यानं उरलंसुरलं लवकर जाईल. आणि हे येतं आईकडून. आईला स्वतःला काही होत नाही. मुलगा झाला तर निम्मी शक्यता, आणि मुलगी झाली तर ती आईसारखीच हे पोटात घेऊन फिरू शकते.

"आईला तुम्हीच समजावा, सिस्टर. तुमच्या भाषेत," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्याला हाक मारली.

तुमच्या भाषेत. पौडच्या एसटीत बसेपर्यंत मुनीरा ती भाषा शोधत होती. भैरू आईच्या मांडीवर झोपला होता. पिरंगुटचा घाट लागला तेव्हा तिनं सुरुवात केली. रोगाचं सांगितलं, बैठका बंद करायचं सांगितलं, वयाचं मात्र अर्धंच सांगितलं. साळूनं सगळं खिडकीबाहेर बघत ऐकून घेतलं.

"आन् साळू, पुढं दुसरं पोर झालं आन् मुलगा असला, तर नाणं उडवल्यावानी हाय. त्येला असंल, नसंल."

साळूनं मान वळवली. "केस कमी पडतीय व्हय बाई तुमाला?"

थट्टा नव्हती ती. मुनीराच्या कानशिलात बसावी तशी बसली.

"ही केस न्हाई, साळू. अल्लाची आण."

"मला तिसरा म्हैना हाय," साळू म्हणाली. उतरायची वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, "येतंय कुनाकडनं ह्ये?"

"आईकडनं," मुनीरा म्हणाली.

"वाटलंच मला." साळूनं पोराच्या पायांवर पदर ओढला. "माज्या आईचा भाऊ असाच हुता. मामा. त्येला पाटीत घालून जत्रंला न्यायचे. हसायचा लई. माजं लगीन ठरलं तवा आई म्हनली, मामा हुता ह्ये सासरी तोंडातनं काढू नगंस. म्या न्हाई काढलं. बाई, तुमी बी काढू नगासा. ही पैलवानाची मानसं. मला एक दीस उंबऱ्यात उभी ठेवायची न्हाईत."

"माझ्या तोंडातनं जाणार न्हाई," मुनीरानं शब्द दिला.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात साळूला दुसरा मुलगा झाला, कोंडाजी. कुशाबानं त्याचेही पाय दाबून बघितले. आणि त्याच पावसाळ्यात रत्नाबाईच्या पोराला खाचरात पान लागलं, साप डसला. उपकेंद्रात आणलं तेव्हा ते निळं पडलं होतं.

पोराचे दिवस उरकल्यावर रत्नाबाई उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. रडली नाही, ओरडली नाही.

"बाई, उसवा टाके."

मुनीरानं पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढं ठेवला.

"तुमी म्हनला हुता न्हवं? उसवा. मी हितंच बसती. मला घाई न्हाई."

ती दिवस मावळेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. गुळाचा चहा घेऊन कुणीतरी यायचं, तिला पाजून परत जायचं आणि मुनीराकडे थुंकल्यासारखं बघायचं. टाकेवाली हे नाव तेव्हा पडलं. त्या रमजानात मुनीरानं रोजा सोडताना मनाशी एक गाठ मारली. रोग्याच्या दारात उभं राहून ह्या तोंडातून पुन्हा खोटं जाणार नाही. मग काय व्हायचं ते होवो.

गाठ चांगली होती. फक्त तिला कळलं नाही की ती कुणाच्या गळ्याला बसणार आहे.

भैरूचं तालमीत जाणं थांबलं नव्हतं. "शिरा कमजोर हायेत, व्यायाम बंद ठेवा असं डॉक्टर म्हणालेत," एवढंच मुनीरा सांगू शकत होती. हैबतराव म्हणायचा, "दावखान्यात पैलवान घडत असतं तर तालमी कशाला बांधल्या आसत्या?" आणि टाकेवालीचं ऐकायचं तरी कशावरून? पोर उभं राहीनासं झालं तेव्हाच ते हौदातून सुटलं. दहा वर्षांचा भैरू ओसरीच्या खांबाला टेकून बसायचा आणि तालमीतून येणाऱ्या आवाजावरून कोण कुणाला कसला डाव मारतोय ते सांगायचा. बरोबर निघायचं.

मग एका दुपारी कुशाबानं मुनीराला बोलावणं धाडलं. ओसरीवर तो आणि हैबतराव. दाराआड साळू, कडेवर कोंडाजी.

"बसा बाई," म्हातारा म्हणाला. "आमच्या घरात सात पिढ्या तालीम हाय. मेला त्यो बी उभ्यानं मेला. मग ह्ये आलं कुटनं?"

"जन्मताच असतंय आबा. कुणी केलं न्हाई."

"त्ये खरं. पन ऐका. माज्याकडं एक खिलार गाय हुती. देखनी, दुधाला बरी, कुनाला शिंग मारायची न्हाई. पन तिला गोऱ्हा झाला की वर्साच्या आत मागल्या पायात बसायचा. कालवड झाली की धडधाकट. मी वळू बदलला. पुन्हा गोऱ्हा, पुन्हा तेच. तवा माज्या टकुऱ्यात उजेड पडला. खोट वळूत न्हाई. खाण तशी माती." त्यानं दाराकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. "मी आडानी मानूस. मी म्हनतो त्ये खोटं असंल तर न्हाई म्हना. एक शबूद. बास."

एक शब्द. मुनीराच्या ओठावर तो आला होता. न्हाई आबा, तसं काय नसतंय, माणसाचं आणि गाईचं वेगळं. किती सोपं! रत्नाबाईला जे सांगितलं त्याच्या निम्मंही कठीण नाही. पण रत्नाबाई त्या पायरीवरून उठून तिच्या घशात येऊन बसली होती, आणि तिला घाई नव्हती. मुनीरानं साळूला दिलेला शब्दही मोडला नाही आणि स्वतःची गाठही सोडली नाही. ती गप्प बसली.

कुशाबानं मान हलवली. बाजारात जनावराचे दात बघून झाल्यावर माणूस जसा उठतो तसा उठला.

"त्या गाईला मी बाजार दावला," एवढंच म्हणाला.

आठवडा गेला नाही तोच साळूचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. तिचं माहेर लवळ्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. भैरूला उचलून गाडीत ठेवला. तो पाटीत मावण्याएवढा लहान राहिला नव्हता, नाहीतर सगळं मामासारखंच झालं असतं. साळूनं कोंडाजीला घ्यायला हात पुढं केला तर हैबतरावानं पोर कुशाबाच्या हातात दिलं.

"ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो आमच्यावर गेलाय."

उद्या दुसरीच्या कडेवर वाढेल, तिची नजर पडायला नको म्हणून साळूनं त्याच्या गळ्यातला ताईत कुडत्याच्या आत सारला आणि ती गाडीत बसली. वर्षाच्या आत हैबतरावानं चंद्राबाईशी पाट लावला.

पहिल्या खेपेला मुनीरा डोंगर चढउतार करून लवळ्याला गेली, तेव्हा भावानं साळूला गोठ्यालगतची पडवी दिली होती. चूल तिथंच, भैरूची घोंगडीही तिथंच. साळूनं या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. चहा केला. वळचणीला उपडा घातलेला एक कान तुटका कप काढला आणि त्यात ओतून पुढं सरकवला.

मुनीरानं चहा प्यायला. कप विसळला, वळचणीला ठेवला.

"त्या दिवशी न्हाई म्हनला आसता तर?" साळूनं विचारलं.

"खोटं झालं असतं, साळू."

"रत्नाबाईसंगं बोलताना जीभ वळली हुती की."

"म्हणूनच—"

"म्हंजी तिचं पाप फेडायला माजं घर घातलंत व्हय?" साळू चुलीत फुंकर घालायला वाकली. "बरं झालं. कुनाचं तरी फिटलं."

मुनीरा तरीही येत राहिली. सुट्टीच्या दिवशी बोरखिंडीहून डोंगरवाटेनं निघायची, औषधांच्या पिशवीत पावडर, कापूस, स्पिरिट. साळूनं तिच्या हातून काम घेतलं. कूस कशी बदलायची, टाचेखाली काय घालायचं, पाठीला लाल चट्टा उमटला की त्याच दिवशी काय करायचं, हे सगळं एकदा बघून घेतलं आणि पुन्हा विचारलं नाही. बोलणं एवढंच. चहा त्याच तुटक्या कपातून.

एका ट्रकवाल्याकडून मुनीरानं जुनी ट्यूब मागून आणली. अर्धी हवा भरून तिच्यावर चादर घातली की भैरूची बैठक अधांतरी राहायची, हाड टोचायचं नाही. भैरूनं तिला गादी हे नाव दिलं. "ह्या गादीवर बसून मी निकाल देतो," म्हणायचा. गावातली पोरं कुस्तीच्या गप्पा घेऊन त्याच्याकडे यायची.

त्याला कूस बदलताना मुनीरा आधी विचारायची. "हात लावू का रे?" आईनं अंग पुसलेलं त्याला आता लाजिरवाणं वाटायचं; बारा वर्षांचा झाला होता. म्हणून मुनीराच चादरीखालून पुसायची, चादर न हलवता, आणि डोळे भिंतीवर ठेवायची. तो म्हणायचा, "मावशी, उजवीकडनं पट काढा. आसं. आता ढाक मारा. ऐ, चितपट करू नगा, दम लागतोय मला!" मुनीरा हसायची. चुलीपाशी साळूचे खांदे हलायचे. हसत होती की काय ते पाठीवरून कळायचं नाही.

एकदा त्यानं विचारलं, "मावशी, कोंडूचं पाय कसं हायेत?"

"बरे हायेत."

तेव्हा खरंच तसं वाटत होतं. निदान तिनं बघितलं नव्हतं. साळू गेल्यापासून कुशाबाच्या घराचं दार तिला बंद झालं होतं.

ब्याऐंशीच्या चैत्रात बोरखिंडीची जत्रा भरली. उरवड्याचे, पिरंगुटचे गडी आले होते. हलगी कडाडत होती. मोठ्या कुस्त्या लागायच्या आधी लहान पोरांच्या लावतात तशा लावल्या. कुशाबानं नातवाला लंगोट नेसवून स्वतः हौदात सोडलं. पाच वर्षांचा कोंडाजी. गोरा, हसरा, आणि पोटऱ्या अशा की बायकांनी कानशिलावर बोटं मोडली. उपकेंद्राची पेटी घेऊन मुनीरा आखाड्याच्या कडेला बसली होती, कुणाचा खांदा निखळला तर म्हणून.

समोरच्या पोरानं नुसता धक्का दिला. कोंडाजी बसला. मग तो उठायला लागला. हातापायांवर आला, ढुंगण वर, एक पंजा गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, आणि चढत चढत उभा राहून त्यानं दोन्ही मांड्यांवर थाप मारली.

"शड्डू! शड्डू!" आखाडा उसळला. टाळ्या पडल्या. हैबतराव फेटा उडवत होता. कुशाबा हसत नव्हता. गर्दीतून त्याची नजर फिरली आणि मुनीराच्या तोंडावर येऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच उपकेंद्रावर आला. ज्या पायरीवर रत्नाबाई बसायची त्याच पायरीवर बसला.

"पोरगं मांडीला हात लावून उठतंय," तो म्हणाला. शड्डू हा शब्द त्यानं काढला नाही.

"व्हय आबा."

"सगळं गाव म्हनतंय तुमी लबाड हायेसा. टाकेवाली म्हनत्यात." त्याचा आवाज घोगरला. "मग आज करा की लबाडी. मी आयकून घीन."

मुनीरा त्याच्याशेजारी पायरीवर टेकली. "आबा, पोर अजून चालतंय. शाळेत जाईल, खेळेल. फक्त बैठका नकोत. घरातच ठेवा त्याला. भैरूला मिळाला न्हाई, ह्याला तरी बाप मिळू द्या."

"चंद्राला दिवस ऱ्हायल्यात. तिच्या डोळ्यांफुडं ह्ये नगं." म्हातारा उठला. उठताना त्यानं स्वतःच्याच गुडघ्यावर हात रेटला; पैलवानाचे गुडघेही शेवटी माणसाचेच. "गाईला बाजार दावला तवा मी वासरू मागं ठेवलं न्हवतं. तुमीच न्या. तुमाला वाट म्हाईत हाय."

मुनीरा कोंडाजीला घेऊन निघाली तेव्हा हैबतराव तालमीत होता. तो बाहेर आला नाही. पोराच्या हातात जत्रेतली पिपाणी होती. सपाटीला ते चालायचं, चढाला मुनीरा पाठुंगळी घ्यायची. "मावशी, कुटं जातोय आपन?" "आईकडं." "आई तर घरी हाय." मुनीरानं त्याला पाठीवर सावरून घेतलं. खिंडीवर पोचल्यावर पोरानं दोन्हीकडच्या गावांना ऐकू जाईल अशी पिपाणी वाजवली.

लवळ्याला पडवीपुढं तिनं त्याला खाली उतरवलं. साळू शेणानं अंगण सारवत होती. तिनं पोराकडे बघितलं आणि हात तसेच शेणात राहिले. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत वर आलं. गेल्या तीन वर्षांत मुनीरानं ते कधी बघितलं नव्हतं. पोराच्या कुडत्याच्या गळ्याशी ताईताचा काळा दोरा दिसत होता.

"दिला त्यांनी?" साळू म्हणाली. "माजा कोंडू दिला?"

पोर बुजलं, मागं सरलं, उंबऱ्याला अडखळून बसलं. मग उठलं. हातापायांवर, गुडघा, मांडी, थाप.

साळूच्या चेहऱ्यावरचं ते हळूहळू खाली उतरलं. तिनं शेणाचे हात बादलीत बुचकळले, बराच वेळ चोळले, पदराला पुसले.

"आसं व्हय," ती म्हणाली. "म्हंजी ह्यो बी माजाच."

आतून भैरू गादीवरून ओरडत होता, "कोंडू आला? ये, आत ये! कुस्ती मारलीस का जत्रंत? सांग, कसा पडला समोरचा?" पोर पिपाणी घेऊन आवाजाच्या दिशेनं चवड्यांवर आत गेलं.

साळूनं चहा टाकला. वळचणीचा तुटका कप काढला, ओतला, मुनीरापुढं ठेवला. आत दोन्ही पोरं हसत होती.

"बाई," चुलीकडे तोंड करून ती म्हणाली, "त्या ट्रकवाल्याला सांगून ठिवा. आनखी एक टूब लागंल. घाई न्हाई. लागंल तवा आना."